यादीत गाव आहे, निकालात नाही

“ताई, कऱ्हाड परत गळलं.”

गेल्या काही महिन्यांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की फोन वाजला की मी आधी यादी उघडते. कधी कऱ्हाड, कधी अंकली, कधी हरिपूर. गाव यादीत दिसतं, त्याची फाइल फोल्डरात दिसते, आमचं साधन ‘हमाल’ सांगतं की सगळी कामं झाली, आणि निकालांच्या फोल्डरात गाव नसतं. ज्यांच्याकडे हे पुन्हा पुन्हा होतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. घाईत असाल तर एवढंच करा: अख्खी यादी परत पाठवू नका. गळालेलं गाव यादीत कुठे आहे ते बघा. पहिलं, शेवटचं, मधलंच एखादं, की दर वेळी वेगळं? निम्मं उत्तर तिथेच आहे.

नव्यांसाठी थोडं. हमाल म्हणजे सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका खोलीत आम्ही दोघांनी लिहिलेलं, क्लाउडवर चालणारं कमांड लाइनचं साधन. नाव मार्केट यार्डावरून घेतलं. पोती मोजून घ्यायची, वाहून न्यायची, उतरवताना परत मोजून द्यायची. तुम्ही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ओळीला एक याप्रमाणे गावं लिहायची. प्रत्येक गावाची एक फाइल असते: गट नंबर, ऊस असेल तर लागण की खोडवा, प्लॉटच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश. हमाल त्या फाइली वर चढवतो, गावागणिक एक कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवायचा स्वतंत्र कप्पा, उघडतो, सेंटिनेल-2 उपग्रहांच्या चित्रांतून प्लॉटांचा हिरवेपणा मोजतो आणि निकाल खाली आणतो. चित्रातला एक ठिपका 10 मीटर बाय 10 मीटरचा, म्हणजे 100 चौरस मीटर. गुंठा 101 चौरस मीटरचा. एक ठिपका म्हणजे एक गुंठा धरा, बांधावर उभं राहून समजावायला याहून सोपं माप मला सापडलेलं नाही.

वापरणारे पहिले तिघं. कऱ्हाडकडच्या एका साखर कारखान्याच्या गटऑफिसातले ओव्हरसियर काका, मिरज भागातला एक चिटबॉय (कारखान्याचा गावपातळीवरचा कर्मचारी), आणि तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार, ज्यांना आम्ही नुसतं दादा म्हणतो. तिघांची तक्रार एकच होती, “गाव गळतंय.” आम्हीही ती एकच समजलो आणि तिथेच फसलो. कारणं अनेक निघाली.

आधी आमच्या चुका

पहिल्या आवृत्तीत गाव गळालं तरी हमाल ‘सर्व कामं यशस्वी’ म्हणायचा. कंटेनरमधला प्रोग्राम जे बोलतो ते लॉगमध्येही उतरावं म्हणून आम्ही त्याचं आउटपुट पाइपमधून ‘टी’ या आज्ञेकडे दिलं होतं. बॅश शेल अशा पाइपलाइनचा एक्झिट कोड, म्हणजे काम नीट संपलं की नाही ते सांगणारा आकडा, शेवटच्या आज्ञेचा धरतो. प्रोग्राम आपटला तरी ‘टी’नं आपलं काम चोख केलेलं असायचं, कोड शून्य यायचा, आणि शून्य म्हणजे यश. ‘पाइपफेल’ चालू करायला एक ओळ लागते. ती लिहायला आम्हाला पाच आठवडे लागले, कारण तोवर आम्ही सगळ्यांच्या इंटरनेटला आणि लाइटीला बोल लावत बसलो होतो.

दुसऱ्या आवृत्तीत संदेश यायला लागला: ‘कार्य अयशस्वी: स्थिती संकेतांक अशून्य.’ मराठीत संदेश द्यायचे या हौसेपायी मीच लिहिलेला. चिटबॉय म्हणाला, “ताई, ते राहू दे, गावाचं नाव सांगा की.”

तिसऱ्या आवृत्तीत ‘काम 41 अयशस्वी’ असं यायला लागलं. त्यानं यादीतली 41 वी ओळ काढली, तर त्या गावाचा निकाल नीट आलेला. त्याला वाटलं आम्ही त्याला खुळ्यात काढतोय. हमाल अ‍ॅमेझॉनच्या बॅच सेवेवर चालतो आणि तिथल्या अ‍ॅरे जॉबमध्ये, म्हणजे एकदम लावलेल्या अनेक कामांच्या गठ्ठ्यात, मोजणी शून्यापासून होते. काम 41 म्हणजे 42 वी ओळ. आता संदेशात गावाचं नाव आणि तुमच्या यादीतली ओळ दोन्ही येतात. जुनी आवृत्ती असेल तर आकड्यात एक मिळवा.

आणखी एक. गळालेलं एकच गाव परत पाठवलं की हमाल नकार द्यायचा, म्हणून लोक वैतागून पूर्ण यादी पाठवायचे आणि बिल फुगायचं. अ‍ॅरे जॉबमध्ये कमीत कमी 2 आणि जास्तीत जास्त 10,000 कामं लागतात. एकाची अ‍ॅरे होत नाही, हे आम्ही वाचलंच नव्हतं. आता एक गाव असेल तर ते साधं काम म्हणून जातं. जुन्या आवृत्तीवर असाल तर गळालेल्या गावाबरोबर एखादं छोटं गाव सोबतीला द्या.

पहिलंच गाव गळतं

अंकली. चिटबॉयच्या यादीत बाराखडीनं पहिली तीच. फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट असतात, ज्याला बीओएम म्हणतात. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ म्हणून सेव्ह केलं की ते येतात (यूटीएफ-8 म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत). नोटपॅडही यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करताना ते घालायचं, 2019 नंतरच्या विंडोज 10 मध्ये ते आपणहून घालणं बंद झालं. पडद्यावर ‘अंकली’च दिसतं, पण देवनागरी अक्षराला यूटीएफ-8 मध्ये तीन बाइट लागतात, त्या हिशेबानं अंकली 15 बाइटांची हवी आणि यादीतली निघते 18 ची. अशा नावाची फाइल कुठेच नसते.

साधा ‘सीएसव्ही’ निवडणं हा उपाय नव्हे, त्यात मराठीची प्रश्नचिन्हं होतात. एक्सेलमध्ये यूटीएफ-8 वालाच पर्याय निवडा असं आमच्याच माहितीपत्रकात लिहिलंय आणि ते बरोबर आहे. ते तीन बाइट गिळायची जबाबदारी हमालाची होती. पायथनमध्ये फाइल उघडताना ‘यूटीएफ-8-सिग’ म्हटलं की काम होतं. तेवढंच केलं.

शेवटचं गाव गळतं

हे हरिपूर. कृष्णा-वारणेच्या संगमावर बसलेलं, आणि ‘ह’ वरून सुरू होत असल्यानं यादीत कायम तळाला. चिटबॉयनं यादी फोनवर टाइप करून पाठवली होती आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर दाबलं नव्हतं. शेलमध्ये ‘रीड’नं ओळीमागून ओळ वाचणारं साधं लूप अशी उघड्या शेवटाची ओळ सोडून देतं. तपासायला ‘डब्ल्यूसी’ला ओळी मोजायला सांगा. ती आज्ञा खरं तर ओळी मोजत नाही, ओळ संपल्याच्या खुणा मोजते. 58 गावं असून 57 आलं तर शेवटी एंटर नाही.

हे आम्ही दुरुस्त केलं आणि दुसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन. “ताई, आधी हरिपूर सोडून सगळं येत होतं. आता हरिपूर सोडून काहीच येत नाही.”

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरं होतं. या वेळी यादी गटऑफिसच्या विंडोज संगणकावर, नोटपॅडमध्ये केली होती. विंडोज ओळ संपवताना दोन खुणा टाकतं, कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. लिनक्स दुसरीच खूण ओळखतं, पहिली नावाला चिकटून राहते. म्हणजे 57 गावांच्या शेपटीला एकेक अदृश्य अक्षर, आणि हरिपूरनंतर एंटरच नसल्यानं तेवढं एक स्वच्छ. आधी ज्या कारणानं ते बुडत होतं त्याच कारणानं आता एकटं तरलं. सगळी गावं गळाली, किंवा शेवटचं सोडून सगळी गळाली, तर दुसरीकडे शोधू नका. लिनक्सवर ‘फाइल’ ही आज्ञा यादीवर चालवली तर बीओएम आणि विंडोजच्या ओळी दोन्ही ती सांगते, आणि ‘डॉसटूयुनिक्स’ दोन्ही काढून टाकते. एंटर मात्र तुम्हीच दाबायचं.

याच्याच जातीतलं एक: विंडोजच्या पॉवरशेल 5.1 मध्ये बाणाचं चिन्ह वापरून यादी फाइलमध्ये वळवली तर ती यूटीएफ-16 होते. मग एकही गाव चालत नाही. यादी नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-8 म्हणून परत सेव्ह करा.

कवठे, कवठे आणि कवठे

दादांच्या यादीत कवठे एकंद, कवठे महांकाळ आणि कवठे पिरान. तीन ओळी. हमालानं सहा कामं लावली आणि सहाही आपटली. मधल्या रिकाम्या जागेवर शेलनं नाव तोडलं होतं: एकदा ‘कवठे’, एकदा ‘एकंद’. कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रजचंही तेच. तेव्हा कामांचा आकडा यादीपेक्षा जास्त दिसला तर जोडनावांची गावं बघा.

आम्ही यादी वाचताना अवतरणचिन्हं घातली. सहाची तीन कामं झाली, तिन्ही यशस्वी, आणि निकाल मात्र एकच, ‘कवठे’ नावाचा. निकाल लिहितानाच्या ओळीत अवतरणचिन्हं घालायची राहून गेली होती, त्यामुळे तिघांनी एकाच फाइलवर एकामागून एक लिहिलं आणि जो शेवटी पोचला त्याचं टिकलं. एका आठवड्यात पिरानचं, पुढच्या आठवड्यात एकंदचं. दादांनी ते आकडे महांकाळचे समजून एका बागेच्या मालकाला फोनही केला होता. गळालेलं गाव परवडतं, कारण ते दिसतं. हे दिसत नव्हतं. आता निकालांची संख्या कामांच्या संख्येशी जुळली नाही तर हमाल थांबतो आणि सांगतो. उतरवताना मोजून द्यायचं म्हणूनच तर त्याचं नाव हमाल ठेवलं होतं.

कऱ्हाड

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

ओव्हरसियर काकांच्या यादीत कऱ्हाड मधेच कुठेतरी. एंटर ठीक, बीओएम नाही, जागा नाही. दर आठवड्याला तेवढंच गाव गळायचं. काका यादीतलं नाव आणि फाइलचं नाव शेजारी शेजारी ठेवून फोटो पाठवायचे: “बघ, आहे का काही फरक?” नव्हताच. शेवटी दोन्ही नावांचे बाइट मोजले. फाइलचं नाव 18, यादीतलं 21.

घोटाळा त्या ‘ऱ्ह’मध्ये. मराठीतला हा अर्धा, चंद्रकोरीसारखा ‘र’ संगणकात तीन तऱ्हांनी लिहिला जातो आणि तिन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. पहिली तऱ्हा: यू+0931 हा स्वतंत्र ‘ऱ’, त्यापुढे हलन्त. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की हाच येतो. दुसरी: साधा ‘र’, त्याला नुक्ता (अक्षराखालचं टिंब), मग हलन्त. तिसरी: साधा ‘र’, हलन्त, आणि त्यानंतर शून्य रुंदीचा जोडक, जो दिसत नाही पण ‘र’ला रफार होण्यापासून अडवतो. पहिल्या तऱ्हेनं कऱ्हाड 18 बाइटांचं, उरलेल्या दोन्हींनी 21 चं. त्यामुळे बाइट जुळले म्हणजे नाव जुळलं असंही नाही.

काकांची यादी कारखान्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून आली होती, जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये बदलून, त्यात तिसरी तऱ्हा होती. फाइलचं नाव काकांनी स्वतः टाइप केलेलं, ते पहिल्या तऱ्हेचं. क्लाउडमधलं स्टोरेज आणि लिनक्स दोन्ही नावं बाइट न् बाइट जुळवतात, दिसण्याशी त्यांना देणंघेणं नाही. मॅक वापरणाऱ्यांना दुसरी तऱ्हा भेटू शकते. अ‍ॅपलची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम नावं मोडून साठवायची, ‘ऱ’चा ‘र’ आणि नुक्ता करून. 2017 मध्ये तिच्या जागी एपीएफएस आली, पण जुन्या डिस्कवरून आलेल्या नावांत ते अजून सापडतं.

आमचा पहिला उपाय आततायी होता. अदृश्य अक्षरंच सगळी पुसून टाकली. बीओएम गेला, कॅरेज रिटर्न गेला, आणि त्यांच्याबरोबर तो जोडकही. जोडक गेला की ‘र’ उडी मारून डोक्यावर बसतो: कर्हाड. काकांचा फोन आला. “गाव गळत होतं ते बरं होतं. आता नावच बिघडवलंत.”

आताचा उपाय दोन पायऱ्यांचा. दोन्हीकडची नावं एनएफसी या प्रमाणरूपात आणायची, पायथनच्या ‘युनिकोडडेटा’मध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे. त्यानं दुसरी तऱ्हा पहिलीत येते. तिसरी मात्र येत नाही, कारण प्रमाणरूपाच्या लेखी जोडक हे वेगळंच अक्षर आहे. म्हणून ‘र, हलन्त, जोडक’ अशी तिकडी दिसली की तिथे ‘ऱ, हलन्त’ घालायचं. क्रम महत्त्वाचा नाही, पण दोन्ही पायऱ्या हव्यात, आणि यादीला व फाइलींच्या नावांना दोघांनाही. आम्ही आधी फक्त यादीला लावल्या आणि आणखी एक आठवडा घालवला. शेतकऱ्यांच्या नावांवरून फाइली करणाऱ्यांनी गोऱ्हे, कुऱ्हाडे, कऱ्हाडकर ही आडनावं तपासून घ्यावीत.

एवढं सगळं करून काकांच्या पुढच्या यादीत गाव आलं ‘कराड’ असं. बोलताना आपण कराडच म्हणतो, कित्येक कागदांवर तेच असतं. त्याला कुठलं प्रमाणरूप जुळवणार? तेव्हा ठरवलं की नाव माणसांना दाखवायला ठेवायचं आणि काम कोडवर चालवायचं. 2011 च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी कोड दिलेला आहे. फाइलचं नाव तो कोड, गावाचं नाव फाइलच्या आत. रिकामी जागा, ऱ्ह, तीन कवठे, एका नावाची दोन गावं, सगळं एकदम मिटतं. काका म्हणाले, “गावाला नंबर? तुरुंग आहे का?” मी म्हटलं, सातबाऱ्यावर गट नंबर लिहिता तेव्हा काय होतं? त्यावर ते हसले, पण यादी अजून नावांचीच पाठवतात. म्हणून हमाल दोन्ही घेतो, आणि नाव कोडशी जुळलं नाही तर काम लावण्याआधीच विचारतो.

दर वेळी वेगळं गाव

इथे यादीचा दोष नाही. एक्झिट कोड बघा. 137 असेल तर 128 अधिक 9, म्हणजे काम जबरदस्तीनं मारलं गेलं, आणि बहुतेक वेळा कारण मेमरी कमी पडणं हे असतं. नीट बघितलंत तर गळणारी गावं जास्त प्लॉटांची असतात. मेमरी वाढवा, पण फक्त त्या गावांना. आम्ही सुरुवातीला सगळ्यांना दुप्पट दिली आणि बिल बघून जमिनीवर आलो.

143 म्हणजे 128 अधिक 15, काम थांबवायला सांगितलं गेलं. आम्ही स्वस्तातली स्पॉट मशीन वापरतो, ती मालकाला हवी झाली की परत जाते, दोन मिनिटांची सूचना देऊन. यावर पुन्हा प्रयत्न करायला सांगणं हाच उपाय, आणि 143 ला तो लागू पडतो. वरच्या बाकी कुठल्याच कारणाला नाही. कऱ्हाड आम्ही दहा-दहा वेळा पाठवत होतो, दहाही वेळा ते त्याच दगडाला ठेचाळत होतं.

निकालाची फाइल आहे पण आत नुसत्या मथळ्याच्या ओळी आहेत, ही वेगळी गोष्ट. जून ते सप्टेंबरात चित्र आलं त्या दिवशी गावावर ढग होते, एवढाच त्याचा अर्थ. क्लाउडवरचं साधन ढगापुढे हात टेकतं, त्यावरून दादांनी आम्हाला पुरेसं छळून झालंय.

एवढ्यानंही गाव सापडलं नाही तर हमालाची ‘तपास’ ही नवी उपआज्ञा यादीवर चालवा. ती काम लावत नाही, पैसे पडत नाहीत. प्रत्येक नाव कंसात, बाइटांच्या आकड्यासकट आणि अदृश्य अक्षरांच्या जागी चौकट घालून दाखवते. तिचं आउटपुट आणि यादीची मूळ फाइल आम्हाला पाठवा. यादीचा फोटो नको, आणि व्हॉट्सॲपवर मजकूर म्हणून चिकटवूनही नको, त्यात नेमकं जे बघायचं तेच हरवतं.

एक तक्रार अजून सुटलेली नाही. दादांना शेतीपंपाची लाइट रात्रीची असते, मोटर चालू करून ते बांधावरूनच लॅपटॉपवर काम लावतात आणि पहाटे म्हणतात आजचं फोल्डर रिकामं आहे. क्लाउडवरची घड्याळं जागतिक वेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, आणि निकालांचं फोल्डर हमाल त्या तारखेनं करतो. पुढच्या आवृत्तीत ते भारतीय वेळेनं होईल. तोवर रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळेत काम लावणाऱ्यांनी निकाल कालच्या तारखेच्या फोल्डरात बघावा.